गाडीचा विमा आणि प्रवासाचा विमा: कॅम्परव्हॅन चरात गेली तेव्हा कळलेला फरक

फोंड्याला परत आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण आधी सासूबाईंच्या हाताची चौकशी करतो आणि लगेच विचारतो, "पण विमा काढला होता ना?" काढला होता. दोन विमे होते, आणि ते एकच आहेत असं समजून आम्ही निघालो होतो. त्यामुळे न्यूझीलंडची चौदा दिवसांची कॅम्परव्हॅनमधली (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली भाड्याची गाडी) सहल पाचव्या दिवशी अपघाताने मोडली तेव्हा कुठला खर्च कुणाकडे मागायचा हे आम्हाला परक्या देशात, रस्त्याच्या कडेला उभं राहून शिकावं लागलं. म्हापशाची माझी नणंद आता टास्मानियाला कॅम्परव्हॅनने जायचं ठरवते आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, ते एकदा सलग लिहून काढते.

चूक झाली ती क्राइस्टचर्चला, गाडी ताब्यात घेताना. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "एक्सेस कमी करून घ्यायचा आहे का? दिवसाला थोडे जास्त पैसे पडतील." नवरा म्हणाला, "नको, आमच्याकडे ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे." तिने एक्सेसपोटी क्रेडिट कार्डावर ५,००० न्यूझीलंड डॉलर अडकवून ठेवले आणि चावी दिली. आपल्या पैशांत ते साधारण अडीच लाख. मी शेजारीच उभी होते आणि मलाही त्याचं उत्तर बरोबर वाटलं.

ते बरोबर नव्हतं. भाड्याच्या गाडीचा विमा गाडीच्या मागे जातो, प्रवास विमा माणसाच्या मागे. गाडीचा विमा कंपनीची मालमत्ता सांभाळतो. गाडी मोडली, कुणाचं कुंपण किंवा दुसऱ्याची गाडी मोडली, तर त्याचा खर्च तो उचलतो, पण एक्सेसच्या वरचा. एक्सेस म्हणजे नुकसानीतला पहिला हिस्सा, जो गाडी भाड्याने घेणाऱ्याने सोसायचा असतो. पुष्कळ करारांत तर चूक कुणाचीही असो, तो आधी तुमच्याच कार्डावरून जातो आणि समोरच्याकडून वसूल झाला तर नंतर परत मिळतो. प्रवास विमा तुमचं आजारपण, दुखापत, हरवलेली बॅग, हरवलेला पासपोर्ट, चुकलेलं विमान यांच्यासाठी असतो. त्यात 'पर्सनल लायबिलिटी' (आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची जबाबदारी) असा एक रकाना दिसतो. तो वाचून आमच्यासारख्यांना वाटतं की गाडीने झालेलं नुकसान यात येईल. पण वाहन चालवताना झालेलं नुकसान त्या रकान्यातून सहसा स्पष्टपणे वगळलेलं असतं.

आपली गल्लत का होते, याचं कारण मला घरच्या गाडीच्या विम्यात सापडलं. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग जोडला की आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो. त्यातही आपल्याला पहिला हिस्सा भरावा लागतोच, पण तो १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २,००० रुपये. झिजेपोटी प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून कुणी 'झिरो डेप' घेतं. गॅरेजवाला सर्व्हेयरला बोलावतो, आपण दोन सह्या करतो, हजार-दोन हजार भरतो आणि गाडी घेऊन येतो. वर्षानुवर्षं हीच सवय असली की 'एक्सेस' हा शब्द कानावरून नुसता जातो. तो अडीच लाखांचा असू शकतो, हे डोक्यात शिरतच नाही.

आता अपघात कसा झाला ते सांगते, कारण त्याचंही मूळ मला गोव्यातल्या एका सवयीत दिसतं.

आम्ही ओमारामाहून स्टेट हायवे ८ने लिंडिस पास चढून पलीकडे उतरत होतो. खिंड ९७१ मीटर उंचीवर आहे, दोन्ही बाजूंना पिवळ्या गवताचे नुसते डोंगर. मागे एक मोठा ट्रक बराच वेळ होता. उसगाव-तिस्कच्या बाजूला ज्याने गाडी चालवली आहे त्याला ठाऊक आहे, मागे ट्रक आला की आपण डावी चाकं डांबराखाली उतरवून साइड देतो. आपल्याकडची तांबडी साइडपट्टी दगडी असते, गाडी पेलते. नवऱ्याने भलेपणाने तेच केलं. तिथल्या कडेला मात्र गवताखाली मऊ माती आणि त्यापुढे पाण्याचा चर होता. सुमारे सात मीटर लांब आणि तीन मीटरांहून उंच गाडीचं डावं मागचं चाक खचलं, गाडी हळूहळू कलली आणि मेंढ्यांच्या कुरणाचं तारेचं कुंपण मोडून बांधाला टेकली. वेग फार नव्हता, सगळ्यांना पट्टे होते. तरीही सासूबाईंचा उजवा हात समोरच्या टेबलाच्या कडेवर आपटला आणि मनगट मोडलं. त्या रस्त्यांवर सावकाश जाणाऱ्यांना थांबायला ठिकठिकाणी वेगळी जागा ठेवलेली असते. तोवर आपल्या वेगाने जायचं आणि ती जागा आली की बाजूला व्हायचं, हे आम्हाला नंतर कुरणाच्या मालकिणीने सांगितलं. तिने आम्हाला घरी नेऊन चहा दिला, सासूबाईंच्या हाताखाली उशी ठेवली. कुंपणाबद्दल एक शब्द बोलली नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ४८ तासांत मालकाला आपलं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि कुणी जखमी झालं तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. आम्ही दोन्ही केलं, आणि पुढे दोन्ही क्लेममध्ये त्याची नोंद विचारली गेली.

वानाकाच्या दवाखान्यात पोचल्यावर आम्हाला तिसरीच एक व्यवस्था भेटली. तिच्यामुळे आमची गल्लत आणखी वाढली, म्हणून तिच्यावर जरा थांबते. न्यूझीलंडमध्ये एसीसी नावाची सरकारी अपघात भरपाई योजना आहे. १९६७च्या वुडहाउस आयोगाच्या अहवालातून तिचा विचार पुढे आला आणि १ एप्रिल १९७४ला ती सुरू झाली. अपघातात दुखापत झाली की चूक कुणाची हे न विचारता उपचाराचा खर्च ती योजना उचलते, परदेशी पाहुण्यांसाठीसुद्धा. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोणी कोणावर दावा लावू शकत नाही. आपल्याकडे अपघातग्रस्ताला न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. तिथे डॉक्टरांनीच एसीसी-४५ हा फॉर्म भरला, सासूबाईंनी डाव्या हाताने सही केली आणि एक्स-रे, प्लास्टर होऊन गेलं. आम्हाला फक्त दवाखान्याचा वरचा अधिभार द्यावा लागला. मला ती व्यवस्था मनापासून आवडली. आजारी, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी "पैसे कोण भरणार?" असं कुणी विचारलं नाही.

पण एसीसी आहे म्हणजे प्रवास विमा नको, असा अर्थ कुणी काढू नये. एसीसी फक्त अपघाताची दुखापत बघते, आणि तीही तिथे उपचार चालू असेपर्यंत. सासूबाईंना त्याच सहलीत मनगटाऐवजी छातीत दुखायला लागलं असतं, तर तो आजार ठरला असता आणि सगळा खर्च प्रवास विम्यावर आला असता. परतीचं तिकीट बदलणं, घरी पोचवणं, बुडालेल्या सहलीचे पैसे हेही एसीसीत येत नाही. गाडीचा तर तिच्याशी संबंधच नाही.

तर मग आमच्या खर्चाचं काय झालं? गाडीची डावी बाजू, मागचा पाण्याच्या टाकीकडचा भाग, टो करण्याचा खर्च आणि कुंपण, हे सगळं गाडीच्या विम्याखाली आलं. बिल एक्सेसच्या वर गेलं, म्हणून ५,००० डॉलर पूर्ण गेले. प्रवास विम्याने त्यातला एकही डॉलर दिला नाही, कारण भाड्याच्या गाडीचा एक्सेस आमच्या पॉलिसीत समाविष्टच नव्हता.

एका ठिकाणी तर त्याहून मोठं संकट येऊ घातलं होतं. गाडी कलून बांधाला टेकली तेव्हा छताचा डावा कोपराही चेपला होता. कॅम्परव्हॅनच्या करारांत छताचं नुकसान बहुधा विम्याबाहेर ठेवलेलं असतं, कारण लोक गाडी घेऊन कमी उंचीच्या पार्किंगमध्ये किंवा फांद्यांखाली शिरतात. गाडीच्या पोटाचं नुकसान, पाण्यात घातलेली गाडी, चुकीचं इंधन, ठरावीक रस्ते यांचंही तसंच. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइंटी माइल बीच इथे भाड्याच्या गाड्यांना विमा लागू होत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. विम्याबाहेर याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तिथे एक्सेसची मर्यादाही राहत नाही, होईल ते सगळं बिल तुमचं. कंपनीने छताचं बिल वेगळं काढलं होतं. माझ्या मुलाने गाडी चरात असतानाच चारी बाजूंनी फोटो काढले होते. चाक खचलेलं, गाडी कललेली, कोपरा बांधाला टेकलेला, वर काहीही नाही. ते फोटो पाठवून आम्ही लिहिलं की छत वरच्या कशावर आदळलेलं नाही, गाडी कलल्यामुळेच कोपरा चेपला, हा एकाच घटनेचा भाग आहे. तीन आठवडे पत्रव्यवहार झाला आणि त्यांनी ते मान्य केलं. ते फोटो नसते तर आमचं म्हणणं कशाच्या बळावर मांडलं असतं, मला खरंच माहीत नाही.

प्रवास विम्याकडून काय मिळालं? सासूबाईंची पॉलिसी वयामुळे वेगळी होती. दवाखान्याच्या अधिभाराची रक्कम पॉलिसीतल्या १०० अमेरिकन डॉलरच्या वजावटीपेक्षा कमी भरली, म्हणून ती आमच्याच खिशातून गेली. तिकिटाच्या बदलाचा फरक मिळाला, पण त्यांच्या एकटीच्या तिकिटाचा. आम्हा तिघांच्या पॉलिसीत सहल अर्धवट सोडण्याची कारणं मोजून लिहिली होती, आणि जवळच्या नातेवाइकाची दुखापत त्यात होती ती रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तरच. सासूबाई दाखल झाल्या नव्हत्या, प्लास्टर घालून दोन तासांत बाहेर आल्या. त्यांचा स्वतःचा क्लेम तरी मंजूर झाला, कारण वानाकाच्या डॉक्टरांनी "पुढचा प्रवास करू नये, घरी परतावं" असं लेटरहेडवर लिहून दिलं होतं. ते पत्र आम्ही मागितलं नव्हतं. तिथल्या नर्सने आपणहून सुचवलं, "विम्याला लागेल, घेऊन ठेवा." तिचे उपकार मी विसरणार नाही.

राहिलेल्या नऊ दिवसांचं गाडीचं भाडं मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत पडलं. गाडीचा विमा म्हणतो, सुट्टी आमचा विषय नाही. भाड्याच्या करारात लिहिलं होतं की अपघातानंतर दुसरी गाडी देणं बंधनकारक नाही आणि उरलेले पैसे परत नाहीत. प्रवास विमा म्हणतो, गाडी मोडली हे सहल सोडण्याच्या कारणांत नाही. कॅम्परव्हॅनच्या बाबतीत हे जास्त लागतं, कारण गाडी गेली की झोपायची खोली आणि स्वयंपाकघरही त्याच क्षणी जातं. त्या रात्री चार माणसांना वानाकात खोली शोधावी लागली, फ्रीजमधली भाजी कुरणाच्या मालकिणीकडे ठेवून आलो.

नणंदेला मी जे सांगितलं ते असं. दिवसाला जास्त पैसे भरून एक्सेस शून्यावर आणायची सोय कंपनीकडेच असते. ती महाग वाटते, पण दिवसांनी गुणून बघ आणि एक्सेसच्या आकड्याशेजारी ठेव. दुसरा मार्ग म्हणजे भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं वेगळं कलम असलेली पॉलिसी. ती स्वस्त पडते, पण तिथे आधी तुझ्या कार्डावरून पैसे जातात आणि मग तू ते परत मागायचे. तेव्हा कार्डाची परदेशातली मर्यादा तेवढी हवी, आणि पॉलिसीत 'कॅम्परव्हॅन' किंवा 'मोटरहोम' हा शब्द आहे का ते शोधायला हवं. कित्येक पॉलिसींमध्ये फक्त 'कार' असते, आणि कॅम्परव्हॅन कार धरली जात नाही. छत, गाडीचं पोट, मातीचे रस्ते यांबद्दल शून्य एक्सेसच्या करारात काय लिहिलंय तेही वेगळं वाच. एक्सेस शून्य असला तरी वगळलेल्या गोष्टी वगळलेल्याच राहतात. गोव्यातून निघण्यापूर्वी वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ने. आमच्या प्रत्येक क्लेमसोबत चालकाच्या परवान्याची प्रत मागितली होती.

टास्मानिया ऑस्ट्रेलियात येतं आणि तिथे एसीसीसारखी परदेशी पाहुण्याची प्रत्येक अपघाती दुखापत बघणारी योजना नाही. ऑस्ट्रेलियाचे ज्या देशांशी परस्पर आरोग्यसेवेचे करार आहेत, त्यांत भारत नाही. घसरून पडलं तरी बिल थेट प्रवास विम्यावर. म्हणून नणंदेला गाडीच्या एक्सेसइतकंच वैद्यकीय खर्चाच्या रकमेकडे बघायला सांगितलं. तिचे सासरे बरोबर आहेत, वय ७१. त्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि पॉलिसीचा फॉर्म भरताना ती लिहायची राहिली होती. काल रात्री तो फॉर्म तिने पुन्हा भरला.