नायकाची बोली, गड्याची बोली

मराठी मालिकांतील डॉक्टर, वकील, कंपनीचा मालक आणि त्याची आई सहसा पुण्याच्या पेठांतल्या वळणाची मराठी बोलतात. घरगडी, हवालदार आणि गावाकडून आलेला गमतीदार मामा यांच्या तोंडी मात्र ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ येते. एकाच मालिकेपुरते पाहिले तर यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही, कारण असे मामा असतातच. मात्र हीच वाटणी वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी घरोघरी दिसत राहिली, तर पाहणाऱ्याच्या मनात काय घडते, हा मानसशास्त्राचा प्रश्न ठरतो.

बोलीवरून माणूस जोखण्याची आपली सवय किती खोल आहे, हे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली कॅनडातील माँट्रियलमध्ये दाखवून दिले. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्यांकडून त्यांनी एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला व ध्वनिमुद्रित केला, आणि आवाज वेगवेगळ्या माणसांचे आहेत अशा समजुतीत असलेल्या श्रोत्यांना प्रत्येक वक्त्याला गुण द्यायला सांगितले. इंग्रजी भाषक श्रोत्यांना इंग्रजीत बोलणारा तोच माणूस अधिक बुद्धिमान, अधिक भरवशाचा, इतकेच नव्हे तर अधिक उंच आणि देखणाही वाटला. खरी चकित करणारी बाब पुढची आहे. फ्रेंच भाषक श्रोत्यांनीही इंग्रजी आवाजालाच झुकते माप दिले आणि फ्रेंच आवाजाला इंग्रजी श्रोत्यांपेक्षाही कमी लेखले. स्वतःच्या समाजाविषयीचे दुसऱ्याचे मत त्यांनी आपलेसे केले होते, आणि माझ्या मते चित्रणाचा सर्वांत गंभीर परिणाम हाच आहे.

अर्थात, माँट्रियलमध्ये पैसा आणि वरच्या जागा बहुतांशी इंग्रजी भाषकांकडे होत्या, त्यामुळे या पूर्वग्रहाचे सगळे खापर माध्यमांवर फोडता येत नाही. माध्यमांचा वाटा वेगळा काढणे अवघडच असते. अमेरिकेत माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांना आढळले होते की, दूरचित्रवाणी फार पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा अधिक हिंसक वाटते; परंतु भित्रा माणूस मुळातच घरी बसून अधिक टीव्ही पाहत असेल, ही शंका त्यावर घेता येतेच.

त्या शंकेला भारतातील खेड्यांतून बऱ्यापैकी उत्तर मिळाले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, गोवा आणि तमिळनाडूतील खेड्यांमधल्या त्याच त्या कुटुंबांकडून पुन्हा पुन्हा माहिती घेतली. याच काळात काही गावांत केबल नव्याने पोहोचली आणि काही गावांत पोहोचलीच नाही, त्यामुळे तुलना आयतीच हाती आली. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा असे म्हणण्याचे प्रमाण घटले, तर घरातील निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला. या गावांत पाहिल्या जाणाऱ्या लोकप्रिय मालिका काही प्रबोधनासाठी काढलेल्या नव्हत्या, सासू-सुनांच्याच होत्या. पण त्यांतल्या शहरी बायका शिकलेल्या होत्या, नोकरी करत होत्या आणि एकट्या बाहेर जात होत्या.

पडदा नेहमी असा भल्याच दिशेने नेतो असे नाही. फिजीमधील नाद्रोगा भागात, जिथे भरलेला बांधा कौतुकाचा मानला जाई, तिथे १९९५ साली दूरचित्रवाणी आली. संशोधक अ‍ॅन बेकर यांना तेव्हा १२.७ टक्के किशोरवयीन मुलींमध्ये खाण्याविषयीची विकृत वृत्ती दिसली होती. १९९८ मध्ये तपासलेल्या मुलींत ते प्रमाण २९.२ टक्के निघाले. तुलनेसाठी टीव्ही नसलेला गट नव्हता, एवढी त्रुटी लक्षात ठेवावी.

आता पुण्याकडे पाहू. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेच्या जिन्यात मराठवाड्यातली एखादी मुलगी फोनवर ‘काय करायलीस, माय?’ असे विचारते आणि फोन ठेवताच शेजारणीशी ‘काय करतेयस?’ या वळणावर येते. दोन बोली येणे ही श्रीमंतीच आहे. प्रश्न आहे तो पहिली बोली जिन्यातच का राहते याचा. ‘सैराट’च्या नायक-नायिकेने २०१६ साली करमाळ्याकडची बोली प्रेमाच्या आणि रागाच्या प्रसंगांत बोलून दाखवली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. मोबाइलवर वऱ्हाडी आणि अहिराणी चित्रफितींना आज भरपूर प्रेक्षक आहेत, मात्र त्यांतल्या पुष्कळशा अजूनही हसवण्यापुरत्याच आहेत.

अशा चित्रपटाने आणि चित्रफितींनी बोलीविषयीची मते बदलली का, हे लॅम्बर्ट यांच्याच पद्धतीने पुण्यात तपासता येईल. लातूरची आणि पुण्याची दोन्ही वळणे सहज जमणारा वाचक घ्यावा, श्रोते निम्मे पेठांतले आणि निम्मे अभ्यासिकांतले असावेत, आणि वाचायला विनोद न देता अर्थसंकल्पाची बातमी द्यावी. गुणपत्रिकेत ‘मनमिळाऊ’ आणि ‘हुशार’ हे रकाने वेगळे ठेवावेत, कारण गावाकडच्या आवाजाला पहिल्यात भरघोस गुण देऊन दुसऱ्यात हात आखडता घेणारे श्रोते दोन्ही गटांत निघतील, असा माझा अंदाज आहे.