विज्ञानशिक्षणातील स्वयंसेवी तज्ज्ञ (सातारा-सांगली)

अभियंते, तंत्रज्ञ, कृषिपदवीधर आदींनी आपला व्यवसाय सांभाळून, मोबदला न घेता शालेय विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना व यंत्रजुळणीला केलेले साहाय्य. व्याख्यान देऊन परतणारा पाहुणा या संज्ञेत येत नाही. मुलाच्या हाती पक्कड देऊन शेजारी बसणारा येतो.

उगम : या दोन जिल्ह्यांपुरता प्रथेचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो. एक किर्लोस्करवाडी (ता. पलूस). मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये पूर्वी शिकवीत असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर कारखाना वसवला आणि खेड्यातली माणसे तेथे कारागीर झाली. दुसरे, भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था (काले, १९१९) व ‘कमवा आणि शिका’ योजना. हे प्रवाह अगदी वेगळेही नाहीत. भाऊराव काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते होते. मात्र किर्लोस्करवाडीत शिकणारा पगारी कामगार होता आणि ‘कमवा आणि शिका’मध्ये श्रम विद्यार्थ्याचेच होते. बाहेरचा जाणकार विनामोबदला शाळेत येणे यांपैकी कशातच दिसत नाही. म्हणून दोन्ही पूर्वपीठिका मानाव्यात. आजचे रूप बहुधा २०१६ नंतर, केंद्राच्या नीती आयोगाने शाळांत सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांबरोबर ठरले, असे समजणे अधिक सयुक्तिक. सहावी ते बारावीसाठीच्या या प्रयोगशाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान असते. मार्गदर्शकाचे काम बिनपगारी असते.

कार्य : तज्ज्ञाचे महत्त्व मापन चुकते तेथे कळते. कृष्णा-वारणा खोऱ्यातील ऊसपट्ट्यात जमिनीतील ओल मोजणारे उपकरण हा विद्यार्थ्यांना सहज सुचणारा प्रकल्प. स्वस्त उपकरणात दोन धातूच्या पट्ट्यांमधील विद्युतरोध मोजतात. सतत एकदिश प्रवाह दिल्यास विद्युत्-अपघटनाने पट्टी झिजते. शिवाय क्षारांमुळे रोध घटून जमीन आहे त्याहून ओली भासते. काळी जमीन वाळताना भेगाळते व पट्टीभोवती हवा शिरते, म्हणजे चूक उलट दिशेला. जोडणी बरोबर असूनही आकडा खोटा येतो. येथे अनुभवी माणूस नवा प्रोग्रॅम लिहून देत नाही. तो मातीचा नमुना वजन करून १०५° से. तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायला व पुन्हा तोलायला लावतो, आणि त्या फरकाशी उपकरणाचे आकडे ताडून पाहायला सांगतो. धारितेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणारे उपकरण घेतले तर पट्टीची झीज टळते, पण हे ताडून पाहणे चुकत नाही. पाठ्यपुस्तकातील ‘प्रमाद’ हा शब्द मुलांना खऱ्या अर्थाने तेव्हा उमगतो.

प्रसार : मिरज व कुपवाडच्या औद्योगिक वसाहती, सांगलीचे वालचंद व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या परिसरात असे मनुष्यबळ हाताशी आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत ते विरळ. पाबळच्या विज्ञान आश्रमाने (१९८३, जि. पुणे) गावातील कारागिरांकडूनच तंत्रशिक्षण देण्याची वाट दाखवली आहे, त्या न्यायाने पाणबुडी मोटार रिवाइंड करणारा किंवा ठिबकची जोडणी करणारा माणूस, पदवी नसली तरी, प्रस्तुत व्याख्येत धरावा.