प्लॅस्टिक पाणबुडी-संचाचे रेडिओ-नियंत्रित रूपांतर

शोभेसाठी मांडून ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाणबुडी-प्रतिकृतीत मोटर, सुकाणूची यंत्रणा, बॅलास्ट टाकी (पाणी भरून बुडण्यासाठी व ते काढून तरंगण्यासाठी असलेली टाकी) व रेडिओ ग्राहक (संदेश घेणारे यंत्र) बसवून ती प्रत्यक्ष पाण्यात बुडी मारू शकेल अशी करण्याची प्रक्रिया. या कामी १:७२ प्रमाणातले मोठे संच सोयीचे ठरतात. रेव्हेल कंपनीची ‘टाइप सेव्हन-सी’ यू-बोट (जर्मन पाणबुडी) सुमारे ९३ सेंमी., तर गॅटो वर्गाची अमेरिकी पाणबुडी सुमारे १३२ सेंमी. लांब भरते.

या छंदाचा उगम काही जण निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविलेल्या रेडिओ-नियंत्रित नौकेपर्यंत नेतात. तथापि ती नौका पृष्ठभागावर चालणारी होती. शिवाय प्रतिकृतीच्या पोटात मावतील असे ट्रान्झिस्टरयुक्त ग्राहक व सर्व्हो (संदेशानुसार सुकाणू हलविणाऱ्या छोट्या मोटरी) मिळू लागेपर्यंत अशा रूपांतरास वावच नव्हता. त्यामुळे ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बहुतेक रूपांतरांत बाहेरचे कवच जलरोधक करीत नाहीत. त्यात पाणी मोकळेपणी शिरू देतात आणि विद्युत् सामग्री आतल्या पारदर्शक जलरोधक नळकांड्यात ठेवतात. संचातील पॉलिस्टायरीनची घनता पाण्याच्या सुमारे १·०५ पट असल्याने बुडालेले कवच स्वतः जवळजवळ वजनहीन होते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. नळकांड्याच्या टोकांना रबरी ओ-रिंग (पाणी अडविणाऱ्या गोल कड्या) बसवितात. पंख्याचा दांडा व सुकाणूंचे सळईदांडे जिथून बाहेर पडतात, तिथली सीले हाच गळतीचा नेहमीचा मार्ग असतो.

टाकीच्या आकारमानाविषयी बराच गोंधळ आढळतो. मूळ सेव्हन-सी पाणबुडीचे विस्थापन (तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) पृष्ठभागावर ७६९ टन व पाण्याखाली ८७१ टन होते. हा १०२ टनांचा फरक ७२ च्या घनाने भागल्यास सुमारे २७३ ग्रॅम येतो आणि तेवढीच टाकी हवी असे अनेकदा सांगितले जाते. पूर्णतः बंद कवचाच्या बाबतीत जलरेषेच्या वर राहणाऱ्या सर्व भागाच्या घनफळाइतकी टाकी लागते. पाणी आत घेणाऱ्या कवचात मात्र जलरेषेच्या वर राहणाऱ्या पोकळीचा प्रश्न उद्भवत नाही. त्या भागातील प्लॅस्टिक, तरंगण्यासाठी बसविलेला फोम व नळकांड्याचा वर डोकावणारा अंश यांच्या घनफळाइतकीच टाकी पुरते. म्हणून नळकांडे शक्यतो जलरेषेखाली, फोम जलरेषेच्या लगेच खाली आणि शिशाचे वजन तळाशी ठेवणे इष्ट. गुरुत्वमध्य (वजनाचा मध्य) उत्प्लावनमध्याच्या (पाण्याच्या उचलीच्या मध्याच्या) खाली राहिला तरच प्रतिकृती उभी राहते. टाकी भरण्यासाठी पिस्टन, पंप वा दाबाखालील वायू वापरतात. पिस्टनने पाण्याचे प्रमाण नेमके राखता येते, वायूने ते झपाट्याने बाहेर टाकता येते.

रेडिओ कंप्रतेबाबतही एक समज रूढ आहे. २·४ गिगॅहर्ट्‌झ ही पाण्याची अनुस्पंदन-कंप्रता असल्यामुळे त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, असे सांगितले जाते. वस्तुतः द्रव पाण्याचे शोषण सामान्य तापमानाला २० गिगॅहर्ट्‌झच्या आसपास शिखर गाठते. परंतु २·४ गिगॅहर्ट्‌झलाही ते इतके असते की काही सेंटिमीटर खोलीतच संदेश क्षीण होतो. यामुळे पाणबुडीसाठी २७ ते ७५ मेगॅहर्ट्‌झमधील जुने पट्टे टिकून आहेत; त्यांपैकी कोणता वापरावा, हे त्या त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असते. हा लाभ गोड्या पाण्यापुरताच आहे. समुद्राच्या विद्युत्‌वाहक पाण्यात ४० मेगॅहर्ट्‌झच्या लहरीचा आयामही सुमारे ४ सेंमी. खोलीवर मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. संदेश तुटताच टाकी आपोआप रिकामी करणारी सुरक्षा-मंडलयोजना त्यामुळे आवश्यक समजतात. बुडालेल्या प्रतिकृतीचे नाक वर-खाली होऊ नये म्हणून मागची आडवी सुकाणू हलविणारा कलनियंत्रकही जोडतात.

रंगकाम प्रदर्शनीय प्रतिकृतीप्रमाणेच करतात. कवचावरील पाणी शिरण्याची छिद्रे मात्र पुष्कळ संचांत नुसत्या खोलगट खुणांच्या रूपात असतात. ती आरपार कोरावी लागतात. डेकच्या उंच कोपऱ्यांतही बारीक छिद्रे पाडतात, कारण तिथे अडकलेला हवेचा बुडबुडा काही ग्रॅमांचा असंतुलित उचल देतो आणि चाचणीच्या टबात नीट जमविलेला तोल बुडी मारताच बिघडतो.