सतरा वादक आणि जाहिरातीची दोन मिनिटं

विनोदी निवेदक जॉनी कार्सनचा ‘द टुनाइट शो’ हा पाहुण्यांच्या गप्पांचा टीव्ही कार्यक्रम अमेरिकेत रात्री साडेअकराला दिसायचा, आणि त्यात स्टुडिओत बसलेला बिग बँड वाजवायचा. 1972 मध्ये तो न्यूयॉर्क सोडून बरबँकला गेला, तेव्हापासून त्याचं ध्वनिचित्रमुद्रण मात्र संध्याकाळी साडेपाचला व्हायचं. मध्यरात्रीचं म्हणून ओळखलं गेलेलं या बँडचं संगीत दिवेलागणीला वाजत होतं.

बिग बँड म्हणजे ढोबळ हिशेबाने सतरा माणसं: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स असा रिदम सेक्शन. एवढ्यांचा पगार डान्स हॉलच्या तिकिटांवर निघायचा, तोवर हे चाललं. युद्धकाळात पेट्रोल आणि टायरचं रेशनिंग आलं, दौरे अवघड झाले. 1942 मध्ये वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, 1944 मध्ये नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसला. 1946 च्या अखेरीस बेनी गुडमन, वुडी हर्मन यांच्यासारख्या नामवंत बँडप्रमुखांनीही बँड मोडले.

पण रेडिओ कंपन्यांकडे पगारी वादक होतेच. त्यामुळे 1954 मध्ये एनबीसी या रेडिओ-टीव्ही कंपनीने निवेदक स्टीव्ह ॲलनला घेऊन ‘टुनाइट’ सुरू केला, तेव्हा नोटेशन समोर ठेवलं की वाजवणारी माणसं हाताशीच होती. ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी 1960 मध्ये एनबीसीच्या पगारी वादकांत आला. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय वादक. 1962 मध्ये कार्सन आला तेव्हा बँड स्किच हेंडरसनकडे होता, 1967 पासून ट्रम्पेटवाला डॉक सेव्हरिन्सन. काउंट बेसीच्या बिग बँडमध्ये लीड ट्रम्पेट, म्हणजे ट्रम्पेटवाल्यांतली मुख्य, वरच्या स्वरांची बाजू वाजवलेला स्नूकी यंग सेव्हरिन्सनच्या बँडमध्ये होता. ड्रम्सवरच्या एड शॉनेसीने उस्ताद अल्लारखा यांच्याकडे तबल्याचेही धडे घेतले होते.

या कामाची खरी गंमत जाहिरातींच्या वेळी. बँड वाजतच राहायचा. स्टुडिओतल्या प्रेक्षकांना भरपूर ऐकायला मिळायचं, घरच्यांना फक्त आधीचे आणि नंतरचे काही बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे छोटे तुकडे. म्हणून अरेंजमेंट, म्हणजे कोणी काय वाजवायचं याची लिहिलेली मांडणी, कुठेही तोडता येईल अशी हवी. पाहुण्याच्या प्रवेशाचं गणितही असंच. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत, चार मात्रांचे 8 बार 12 सेकंदांत संपतात. पाहुणा रेंगाळला तर तेच पुन्हा, लवकर बसला तर हाताच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकाच मात्रेवर थांबायचं. एक ट्रॉम्बोन जरी पुढे गेला, तरी ते माइकवर उघडं पडतं.

दुसरी अडचण थंडीची. दिव्यांच्या उष्णतेमुळे स्टुडिओत एसी जोरात असतो. मुलाखत लांबली की ब्रासची, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची, नळी गार पडते आणि स्वर उतरतो. पियानोचा स्वर मात्र जागचा हलत नाही. मग न वाजवता नळीत गरम श्वास सोडत राहायचं. त्यातही लीड ट्रम्पेटचे हाल जास्त, कारण पंधरा मिनिटं गप्प बसून एकदम वरच्या स्वरावर उडी मारायची.

कार्सन स्वतः हौशी ड्रमर होता, त्यामुळे बँडकडे त्याचं लक्ष असायचं. विनोद पडला की बँड ‘टी फॉर टू’ हे गाणं सुरू करायचा आणि तो दोन पावलं नाचून वेळ मारून न्यायचा. शोची धून गायक पॉल अँकाची, पण श्रेयात कार्सनचंही नाव, म्हणजे रोजच्या रॉयल्टीत अर्धा वाटा. व्यवहार म्हणून चोख!

1980 मध्ये शो नव्वद मिनिटांवरून साठवर आला. 1982 मध्ये डेव्हिड लेटरमनच्या नव्या शोत पॉल शॅफरने चार जणांत काम भागवलं, तेही रॉक आणि सोलच्या ढंगात. कार्सन 22 मे 1992 ला निवृत्त झाला, त्याच्याबरोबर सेव्हरिन्सनचा बँडही गेला. पुढच्या वर्षी कॉनन ओब्रायनच्या रात्रीच्या शोसाठी ड्रमर मॅक्स वाइनबर्गने सात जणांचा बँड उभा केला. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन एकेक. तिघांत तीन स्वरांचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, निघतो. जॅझला हवा असलेला सातवा किंवा नववा स्वर वर चढवायचा तर मूळचा एखादा सोडावा लागतो, आणि तो कीबोर्डवाल्याने भरायचा.