शाळूवरची पाखरं: हे इथवर कसं आलं

गोफण, माळा, बुजगावणं सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. खरी उलथापालथ 1964 नंतरची, सीएसएच-1 हा पहिला हायब्रीड जोंधळा आला तिथून. गावठी जोंधळा दिवस लहान व्हायला लागले की निसवायचा, पेरणी चार दिवस मागंपुढं झाली तरी सगळं शिवार जवळपास एकदमच दाण्यात यायचं, मग पाखरं खाऊन खाऊन किती खाणार, नुकसान सगळ्यांत वाटून जायचं. हायब्रीड शंभरेक दिवसांत, गावठीच्या आधीच तयार, आजूबाजूला खायला दुसरं काही नाही, सगळे थवे त्याच तुकड्यावर.

पुढं आपल्याकडं ऊस, सोयाबीन, मका वाढला. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, सौंदत्तीच्या काळ्या रानात शाळू (रब्बीचा जोंधळा) अजून आहे पण सलग पट्टे तुटले. उसाच्या मधे कुणाचा अर्धा एकर शाळू असला की चिकात आल्यापासून चिमण्या आणि हुरड्याला राघू, कडेच्या ओळी आधी जातात. राखणीला माणूस मिळत नाही, पोरं शाळेत जातात आणि ते बरोबरच आहे.

आता वादाचा मुद्दा, कायदा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कावळा उंदरांबरोबर उपद्रवींच्या, म्हणजे मारायला बंदी नसलेल्यांच्या यादीत होता, राघू मात्र संरक्षित. 2022 ला दुरुस्ती झाली, ती उपद्रवींची यादीच काढून टाकली, तरी एखाद्या प्राण्याला ठराविक भागापुरतं, ठराविक काळासाठी उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्राकडं आहेच. त्यामुळं राघूलाही असं उपद्रवी ठरवा म्हणणारे पुष्कळ. शेतकऱ्याचा राग मला पटतो, ऐन हुरड्यात कणसं रिकामी झालेली बघवत नाहीत. पण मारून काय होणार? चारा आहे तिथं दुसरा थवा येतोच. आणि बारीक जाळी लावली तर अळ्या खाणाऱ्या साळुंक्या पण त्यातच अडकून मरतात, मक्यावर 2018 पासून लष्करी अळी बसलीय तेव्हा हे आपल्यालाच महागात पडतं.

त्यापेक्षा लाल-चंदेरी पट्टी बरी. दोन-तीन पीळ देऊन खुंट्यांना ताणायची, वाऱ्यावर चमकते आणि घुमते. फक्त पेरल्यापासून लावून ठेवू नका, पाखरं सरावतात, दाणा चिकात आला की लावायची. आणि शेजारच्या दोघा-तिघांनी पेरणी एकाच आठवड्यात धरली तर गावठी जोंधळ्याच्या वेळी आपोआप व्हायचं ते थोडं तरी परत जमतं.