नवं नाक आणि त्यातून येणारा श्वास

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. कावसजी हा इंग्रज फौजेतला मराठी गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक बसवून दिलं. त्या कारागिराचं नाव लेखात नाही, याची मला फार खंत वाटते.

रीत अशी होती: उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ साचा बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी मात्र जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी वळवून जागेवर बसवायची आणि वर भिजवलेला कात फासलेल्या कापडाच्या पट्ट्या लावायच्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, भोकं मिटू नयेत म्हणून. लेखाचा भर नवं नाक किती हुबेहूब दिसतं यावर आहे. मला त्यातले हे बोळे मोलाचे वाटतात. सुश्रुतसंहितेतही गालाची कातडी नाकावर बसवताना आत दोन नळ्या ठेवायला सांगितलं आहे. दिसण्याइतकीच श्वासाची काळजी तिथेही होती.

हे वर्णन वाचून इंग्रज शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली. पण कपाळाच्या कातडीला आतून अस्तर आणि आधार नसला, तर ती आक्रसते आणि नाकपुड्या अरुंद होतात. हा दोष पुढच्या शल्यविशारदांना बराच काळ छळत राहिला.

दरम्यान धडधाकट नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया आली. अमेरिकेत जॉन ऑर्लंडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून छेद घेऊन ती केली. बर्लिनमध्ये जाक जोसेफ यांनी १८९८ पासून तिचं शास्त्र घडवलं. दुसरीकडे कान-नाक-घसा तज्ज्ञ दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ करत होते. फ्रीअर आणि किलियन यांची पद्धत १९०२ ते १९०४ मधली. देखणेपण एकाकडे, श्वास दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी झाली, आणि ती रुग्णांना महाग पडली. नाकाचा उंचवटा तासला की वरच्या बाजूच्या कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक हाडं, पडद्यापासून सुटतात आणि आत कलतात. पडदा आणि कूर्चा यांच्यातला कोन मुळातच जेमतेम दहा-पंधरा अंशांचा; नाकातून जाणाऱ्या हवेची सगळ्यात अरुंद वाट तीच. ती आणखी आवळली की नाक सुबक दिसतं, पण रात्री तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं.

अमेरिकन शल्यविशारद जॅक शीन यांनी १९८४ मध्ये याच फटीत कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवण्याची पद्धत मांडली. तिला ‘स्प्रेडर ग्राफ्ट’ म्हणतात. त्याच पट्ट्यांनी नाकाची मधली दबलेली रेषाही सरळ दिसते. आज आकारासाठी आलेल्या रुग्णाचाही गाल डॉक्टर बोटांनी बाजूला ओढून विचारतात, ‘आता श्वास मोकळा वाटतो का?’