भारतातली ‘फॉर्म्युला ४’ नेमकी कुठली?

भारतात ‘फॉर्म्युला ४’ याच नावाने दोन वेगळ्या रेसिंग गाड्या धावतात; त्या समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. होतकरू ड्रायव्हरांसाठी परवडणारी सिंगल-सीटर (एकाच आसनाच्या रेसिंग गाड्यांची) मालिका काढायची, तर दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: इंजिन कुठून आणायचं आणि त्याला हात कुणी लावायचा. इटलीत निघालेली फॉर्म्युला ज्युनियर यातच महाग होत गेली आणि १९६३नंतर गुंडाळली गेली. २ जुलै १९६७ रोजी इंग्लंडात ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली. तिचे नियम मुद्दाम कंजूष ठेवले होते: पोलादी नळ्यांची चौकट, घरगुती मोटारीचं इंजिन, गाडीला जमिनीकडे दाबणारे पंख (विंग) नाहीत, रस्त्यावरचे टायर आणि अख्खी गाडी १,००० पौंडांच्या आत.

भारतात हाच मार्ग मारुतीमुळे खुला झाला. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन गल्लोगल्ली मिळायचं आणि कुठलाही बरा मेस्त्री ते उघडू शकायचा. फॉर्म्युला मारुती त्याच्यावर उभी राहिली. १९९०मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक झाल्यावर तिला हक्काची जागा मिळाली. २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच वर्गातून गेला होता.

पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स हे एकत्र बसवलेलं असतं. तो अख्खा गठ्ठा उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे टाकला की मागची चाकं फिरतात आणि वेगळा रेसिंग गिअरबॉक्स घ्यावा लागत नाही. अडचण असते गिअरच्या दांड्याची. तो लांबवर मागे न्यावा लागतो, त्याच्या सांध्यांत खेळ येतो, आणि चौथ्यावरून तिसरा टाकताना चुकून पहिला पडला की इंजिन मर्यादेबाहेर फिरून व्हॉल्व्ह वाकतात. नवशिक्यांच्या खर्चात ही बाब ठळक असते.

पुढे कोइमतूरला, साखळ्या-स्प्रॉकेट बनवणाऱ्या एका उद्योगसमूहाच्या आद्याक्षरांची ‘फॉर्म्युला एलजीबी’ आली. तत्त्व तेच, इंजिन १३०० सीसीचं. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर तयार झालेल्या पोरांना पुढची पायरी बहुधा हीच सापडली, मग त्यासाठी कोइमतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा ट्रॅक किंवा चेन्नई गाठावं लागलं तरी. याच वर्गाच्या एका गाडीला ‘एलजीबी फॉर्म्युला ४’ म्हणू लागले. गोंधळाची सुरुवात इथूनच.

कारण आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची (एफआयए) फॉर्म्युला ४ ही वेगळीच गोष्ट आहे. तिची पहिली राष्ट्रीय मालिका २०१४मध्ये इटलीत झाली, भारतातली २०२३मध्ये. इथे ड्रायव्हर बसतो तो कार्बन फायबरचा सांगाडा (टब), डोक्यावर संरक्षक कमान (हॅलो), फ्रेंच चॅसिस आणि १.३ लिटरचं टर्बो इंजिन. देशी गाडीत आणि हिच्यात ४ हा आकडा सोडला तर फारसं समान काही नाही. तरी जाहिरातीत ‘फॉर्म्युला ४ ड्रायव्हर’ एवढंच छापलं जातं आणि प्रायोजक शोधणारा बाप कुठल्या गाडीचे पैसे भरतोय हे त्याला नीट कळत नाही. फरक गुणांतही आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरायच्या परवान्याला, म्हणजे सुपरलायसन्सला, तीन वर्षांत ४० गुण लागतात. महासंघाच्या फॉर्म्युला ४चा विजेता १२पर्यंत मिळवू शकतो, देशी वर्गाचा विजेता शून्य.

या १२ गुणांसाठी स्वस्ताईचं तत्त्व कितपत सोडायचं, हा खरा वाद. आयात मालिकेच्या बाजूने बोलणारे सुरक्षिततेचा मुद्दा काढतात, तो खोटा नाही. पण नळीची चौकट वाकली तर पॅडॉकमध्येच (ट्रॅकलगतच्या संघांच्या आवारात) तुकडा कापून वेल्डिंग करता येतं, मोजमाप जुळलं की दुपारच्या शर्यतीला गाडी उभी. कार्बनच्या टबला तडा गेला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, तपासणी आणि दुरुस्ती अधिकृत ठिकाणीच, आणि शनिवार-रविवार तिथेच संपतो. हे सुटे भाग कोइमतूरच्या लेथवर होत नाहीत.

कुणी उघडू नये म्हणून इंजिन सील केलं की खर्च थांबतो, हाही समज अर्धवट आहे. हेडच्या बोल्टांना तार ओवून शिशाचं सील मारलं, तरी कारखान्यातून आलेली दोन इंजिनं सारखी नसतात. मग पैसेवाला संघ चार-पाच इंजिनं घेऊन डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवतो आणि उत्तम ते ठेवतो. यावर उपाय म्हणजे इंजिनं आयोजकाने ठेवायची आणि चिठ्ठ्या टाकून वाटायची. शिवाय शर्यतीमागे टायरचा एकच सेट, त्यावर नोंदवलेले क्रमांक, सरावाचे दिवस मोजून. किमान वजन ड्रायव्हरसकट धरायचं. ४८ किलोच्या पोराच्या गाडीत तळाला शिसं बोल्टने घट्ट बसवावं लागतं. ते सैल राहिलं तर धडकेत तेच गोळ्यासारखं सुटतं.

३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ला चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती रात्रीची रस्ता-शर्यत झाली. ती मुळात २०२३च्या डिसेंबरात व्हायची होती, चक्रीवादळामुळे पुढे गेली. तिथे दोन्ही ‘फॉर्म्युला ४’ एकाच रस्त्यावर धावल्या, अर्थात वेगवेगळ्या शर्यतींत.